चेहरा क्रमांक एकतीस

माझं डोकं चालवायची मला फार हौस. त्या हौसेनेच माझा घात केला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी म्हणायला नको.

मी नटी. बत्तीस वर्षं नाटकांत काढली आणि नंतरची चार वर्षं एका मालिकेत जिन्याखाली उभी होते. उभी म्हणजे अक्षरशः उभी. मालिकेत एक भलंमोठं घर, घरात अकरा माणसं, आणि कुठलंही भांडण दिवाणखान्यातच करायचं असा त्या घराचा नियम. भांडणारे मधोमध, उरलेले भिंतीला पाठ लावून. मी मोठी काकू. माझी जागा जिन्याच्या शेवटच्या पायरीशी, अंगावर करडी शाल. मधलं कोणी काही बोललं की कॅमेरा गर्रकन माझ्याकडे वळायचा आणि मी दचकायचे. पुन्हा कोणी बोललं की मी डोळे बारीक करायचे. चार वर्षांत माझ्या वाट्याला वाक्यं आली नऊ. त्यातली सहा "अगं बाई!" अशी होती.

आमचे हे नाटकात प्रॉम्प्टर होते. विंगेत बसायचं, संहिता मांडीवर, आणि नट अडखळला की पुढचे दोन शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचे. तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. मी स्वयंपाकघरातून "अहो, साखर..." म्हणून क्षणभर थांबले की बाहेरून कुजबुज येते, "संपली आहे." या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. आमचं ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगा बोलतो ना गं?"

तर एके दिवशी दाढीसाहेबांचा फोन आला. दाढीसाहेब म्हणजे नाटकांचे दिग्दर्शक. माझं तरुणपण त्यांच्याच नाटकांत शेजारणी आणि परिचारिका होण्यात गेलं. म्हणाले, "नवीन नाटक करतोय. पहिल्या अंकात सगळी माणसं, दुसऱ्या अंकात एकटी बाई. निवृत्त शिक्षिका. रिकाम्या वर्गात उभी राहून पस्तीस मिनिटं बोलते. तुझ्याशिवाय कोणाला देऊ?"

मी होते तिथेच, स्वयंपाकघरात, खाली बसले. पस्तीस मिनिटं! बत्तीस वर्षांतली माझी सगळी वाक्यं एका दमात म्हटली असती तरी पस्तीस मिनिटं झाली नसती. मला ती भूमिका हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, जीव टाकत होते मी तिच्यावर. संहिता हातात पडल्यावर आठ दिवसांत दुसरा अंक तोंडपाठ झाला. मी मटार सोलत म्हणायची आणि हे दाराआड बसून सांभाळायचे. सुरुवातच अशी होती: "बसा. आज मी बोलणार आहे. चाळीस वर्षं तुम्ही बोलतच होतात की, असं म्हणाल. नाही. ते पुस्तक बोलत होतं, मी नुसती पानं उलटत होते." आणि थोडं पुढे: "या वर्गात मी माझं स्वतःचं एक वाक्य कधी म्हटलं नाही. आणि तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही, बाई, तुमचं काय?" इथपर्यंत आलं की दाराआडून कुजबुज येत नसे. ह्यांचा आवाज तिथे हमखास बसायचा.

अडचण एकच. तालमी दोन महिने, रोज, दिवसभर. आणि मालिकेचा दिग्दर्शक मला सोडेना. त्याला सेटवर सगळे घाई म्हणतात, कारण दुसरं काही तो बोलतच नाही. "काकू, तुम्ही नसाल तर दचकणार कोण?" म्हणाला. प्रश्न रास्त होता.

इथे मी डोकं चालवलं.

मालिकावाल्यांची एक रीत असते. कोणाचा चेहरा चांगला लागला की एकदोन जास्तीचे घेऊन ठेवायचे, पुढेमागे कुठेतरी चिकटवता येतात. मी म्हटलं, "घाई, असं कर. एका दिवसात माझे सगळे चेहरे घेऊन टाक. दचकणं, रडणं, संशय, जे काय लागेल ते. जिना तोच, शाल तीच. दोन महिने वापर. तोवर मी नाटक करून येते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, इतकी वर्षं तुम्ही होतात कुठे?"

"जिन्याखाली," मी म्हटलं.

ठरल्या दिवशी त्याने यादीच आणली. पन्नास चेहरे, क्रमांक घातलेले. खुर्चीवर बसून एकेक वाचायचा आणि मी करायची. "एक, साधं दचकणं. दोन, मोठं दचकणं. तीन, दचकणं, पण आतून आधीच माहीत होतं." अकरा संशय, बारा संशय फिटला, तेरा फिटला पण पूर्ण नाही. "चौदा, डोळ्यांत पाणी, आनंदाचं." मी विचारलं, "कोणाला बघून?" "ते नंतर ठरवू. घाई आहे." मी समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघून गहिवरले. खरं सांगते, मजा येत होती. प्रत्येक चेहऱ्यागणिक मी त्या दुसऱ्या अंकाच्या जवळ जात होते ना!

तीस झाले आणि दिव्याचं काहीतरी बिनसलं. मी पायरीवर बसले. फोन वाजला. दाढीसाहेब.

"ऐक, रागावू नकोस," म्हणाले. एवढ्यावरच मला कळायला हवं होतं. "निर्माते ऐकत नाहीत गं. दुसरा अंक सूनबाईला द्यायचा म्हणतात."

सूनबाई म्हणजे आमच्याच मालिकेतली नायिका. दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून जी भांडते ती.

"ती अठ्ठावीस वर्षांची आहे," मी म्हटलं.

"केस पांढरे करतोय ना."

"आणि चाळीस वर्षांची नोकरी?"

"हे बघ, तिचं नाव लावलं की पहिले वीस प्रयोग तिथल्या तिथे भरतात. माझ्या हातात काही नाही. तू पहिल्या अंकात ये. शेजारीण आहे एक, गोड आहे."

मी फोन गुडघ्यावर ठेवला आणि समोर बघत राहिले. काय बघत होते देव जाणे. रडू आलं नाही, राग आला नाही.

"वा काकू!" घाई ओरडला. "एकतीस झाला! काय दिलात!"

दिवा कधीच सुरू झाला होता. कॅमेराही.

"एकतीस काय होतं?" मी विचारलं.

त्याने यादी बघितली. "एकतीस, घरात मृत्यू. चला, बत्तीस, दारात पोलीस."

आणि मी बत्तीस केला. तेहतीस केला. पन्नासपर्यंत सगळे केले. आत काहीही चाललेलं असो, दारात पोलीस म्हटलं की पोलीस. असल्या सवयीला लोक निष्ठा वगैरे म्हणतात. मी तिला खुळेपणा म्हणते.

दुसऱ्या दिवशी घाईला फोन केला. म्हटलं, नाटक गेलं, आता मी मोकळी आहे, उद्यापासून येते. तो म्हणाला, "कशाला काकू? सगळे चेहरे आहेत की आपल्याकडे. तुम्ही आराम करा." आठ दिवसांनी पुन्हा केला. "अहो, तुम्ही रोज दिसताय! कुठे अडलंय?" दोन महिन्यांनी तर तो मलाच समजावायला लागला, की तुम्ही येत नाही तेव्हापासून काम फार वेगाने होतं, तुम्ही खरंच आदर्श कलाकार आहात.

मी घरात आणि माझा चेहरा कामावर. रोज संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो आणि हे हळूच सांगायचे, "सात. आता अकरा. पुन्हा सात." यादी त्यांना पाठ झाली होती. एकदा संकलन करणाऱ्याचा आकडा चुकला. धाकट्या पुतण्याची नोकरी जाते, सगळं घर सुन्न, आणि जिन्याखाली मोठी काकू चौदा. डोळ्यांत आनंदाचं पाणी! लोकांनी डोकं लावलं, की या घरातली खरी कारस्थानी बाई हीच. मालिकावाल्यांना ते इतकं पसंत पडलं की काकूचे चेहरे दुप्पट झाले. बाजारात बायका मला कोपराने ढोसून म्हणायच्या, "काय काकू, तुमच्या मनात काय शिजतंय?" मी म्हणायची, "मटार."

मग धाकटा पुतण्या मेला. सूनबाईने हंबरडा फोडला, सगळ्यांनी तोंडं झाकली, आणि शेवटी कॅमेरा जिन्यावर आला. एकतीस. एरवी माझा चेहरा दोन सेकंदं टिकायचा. हा अकरा सेकंदं ठेवला होता. शेजारीण आमच्याकडेच बसली होती. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "कसं गं जमतं तुला? न रडता रडवतेस!"

ह्यांनी आकडा सांगितला नाही. माझ्याकडे न बघता विचारलं, "हा फोनचा ना?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

नाटकही मी बघितलं. हो, तिकीट काढून गेले. मला स्वतःला छळायचीही हौस आहे. सूनबाईचे केस पिठात बुडवल्यासारखे पांढरे, आणि कंबर वाकवलेली, पण एवढी की खडू पडला तर ती दातांनी उचलेल. पस्तीस मिनिटांचा अंक तिने तेवीस मिनिटांत उरकला, कारण तिला परत सेटवर जायचं होतं. "बाई, तुमचं काय?" हे वाक्य आलं आणि गेलं, बस थांब्यावर न थांबता जावी तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "या वयात काय उत्साह आहे बाईंचा!"

पाच महिन्यांनी मला पुरस्कार मिळाला.

हसू नका. सहायक अभिनेत्रीचा, वर्षातला सर्वोत्तम. पाच महिने मी सेटची पायरी चढले नव्हते, आणि माझं काम बहरत गेलं असं परीक्षकांचं मत पडलं. घाईने फोनवर अभिनंदन केलं आणि म्हणाला, "बघितलंत? मी म्हणत होतो ना, आराम करा."

मी निळा पोशाख घालून गेले. शाल मुद्दाम घरी ठेवली. मंचामागे एका बाईने मला खांद्याला धरून सांगितलं, "तीस सेकंद. आभार मानायचे, हसायचं, डावीकडून उतरायचं." मी विचारलं, "क्रमांक किती?" तिला कळलं नाही.

पुरस्कार द्यायला कोण? सूनबाई. "माझी लाडकी काकू!" म्हणून तिने मला मिठी मारली. मी हिची काकू कधीपासून झाले? मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर माझं काम दाखवलं. एकतीस. घराएवढा. अकरा सेकंदं. मी मंचावर उभी राहून खालून वर बघत होते, आणि माझ्या हातून माझी पस्तीस मिनिटं गेली तो क्षण हजार माणसं तोंडात बोट घालून बघत होती. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. तिसऱ्या रांगेत दाढीसाहेबही उभे. सगळ्यांत जोरात तेच वाजवत होते.

मी माइकसमोर गेले. आभारच मानणार होते, शप्पथ. चार नावं घोकून आले होते. तोंड उघडलं आणि म्हटलं,

"बसा."

आणि काय सांगू, बसले! हजार माणसं मुकाट्याने खाली बसली. "आज मी बोलणार आहे," मी म्हटलं. "चाळीस वर्षं तुम्ही बोलतच होतात की, असं म्हणाल. नाही." पहिल्या रांगेत घाई घड्याळावर बोट आपटत होता. दाढीसाहेबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पाचव्या रांगेत ह्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. सभागृहात कोणी खोकलं नाही. हे असं असतं तर! बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांवर माना डोलावल्या आणि हे असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. "तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही," इथे मी थांबले. जेवढं थांबायला हवं तेवढंच. आणि त्याच जागी त्यांनी संगीत सुरू केलं. मी बोलत राहिले, ते आवाज वाढवत राहिले. शेवटी माझं मलाच ऐकू येईना. सूनबाईने माझं कोपर धरलं आणि डावीकडून उतरवलं.

"छान हं काकू," ती म्हणाली. "पण इथे कशाला म्हटलंत ते?"

"मग दुसरीकडे कुठे म्हणू?" मी विचारलं. तिचा चेहरा क्रमांक तेरा, संशय फिटला पण पूर्ण नाही.

रविवारी संध्याकाळी सोहळा टीव्हीवर, आमच्या मालिकेच्याच वाहिनीवर, लागला. शेजारीण लवकर येऊन पुढची खुर्ची अडवून बसली. माझं नाव पुकारलं, मिठी झाली, एकतीस झाला, टाळ्या झाल्या, मी माइककडे निघाले. आणि मी हसले. डोळ्यांत पाणी, आनंदाचं. चौदा! तीन सेकंदं. अंगावर करडी शाल, मागे जिन्याचा कठडा. लगेच दुसरा पुरस्कार सुरू.

"किती गोड रडलीस गं," शेजारीण डोळे टिपत म्हणाली.

"तुला शाल दिसली का?"

"कसली शाल?"

माझा संताप झाला. घाईला फोन लावला आणि चार वर्षांत बोलले नव्हते ते सगळं बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, वेळ कमी होता हो. पण तुमचं ते दीड मिनिट आम्ही वाया नाही घालवलं. जपून ठेवलंय."

क्षणभर, मूर्खासारखं, मला बरं वाटलं. "कशासाठी?"

"पुढच्या आठवड्यात मोठी काकू कायमची घर सोडून जाते. दारात वळून सगळ्यांकडे एकदा बघते. तुमचा तो चेहरा तिथे अगदी बसतो. आवाज काढून टाकलाय. क्रमांक एक्कावन्न."

"मला यायला नको?"

"छे छे! तुम्ही आराम करा."

गुरुवारी काकू गेली. मी बघणार नव्हते, पण शेजारणीने येऊन टीव्ही लावलाच. काकू दारात वळली. अंगावर शाल होती. निळ्या पोशाखावर संगणकाने पांघरली होती. मागे सभागृहाच्या जागी अंगण चिकटवलं होतं. व्हायोलिन रडत होतं. काकूचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

"घराला आशीर्वाद देतेय बघ," शेजारीण म्हणाली आणि चहाचा कप ठेवायला अर्धवट उठली.

"बसा."

मी दचकले. मोठं दचकणं. हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्यांना उभं राहून बोलताना मी कधी बघितलंच नव्हतं. डोळे टीव्हीवरच्या माझ्या ओठांवर, आणि आवाज असा खणखणीत की कपाटाची काच थरथरली. "आज मी बोलणार आहे! चाळीस वर्षं तुम्ही बोलतच होतात की, असं म्हणाल. नाही!" शब्द न् शब्द माझ्या ओठांवर बसत होता. शेजारीण कप हातात धरून खाली बसली.

"अहो, हळू," मी म्हटलं. सवय, दुसरं काय. "शेजारी ऐकतील."

"ऐकतेय मी," शेजारीण म्हणाली.

"तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही," हे म्हणाले, आणि काकूने तोंड मिटलं, दार लागलं, साबणाची जाहिरात सुरू झाली. ह्यांचा श्वास फुलला होता. त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला. मग माझ्याकडे वळले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, अगदी हळू, पुढचे दोन शब्द दिले.

"बाई, तुमचं..."

मी उभी राहिले आणि तिथून पुढे सुरू केलं. शेवटपर्यंत. कुठे घाई केली नाही. शेजारणीची भाजी गॅसवर होती, ती पार करपली, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.